डावी वाहिनी

९ फेब्रुवारीला दुपारी पावणेतीन वाजता एक बस कंडक्टर एक हजार सातशे पन्नासची पावती हातात धरून आपल्या तेरा वर्षांच्या मुलीसह हृदयाच्या सोनोग्राफीच्या खोलीत आला. मुलगी आठशे मीटर धावायची. संघात तिचं नाव आलं होतं. पण मागच्या शर्यतीत शेवटच्या रेषेपाशी ती कोसळली आणि मिनिटभराने आपली आपण उठून बसली. उपाशीपोटी धावली म्हणून चक्कर आली, असं घरच्यांनी ठरवून टाकलं. प्रशिक्षकाने मात्र हृदय ठीक असल्याचा कागद मागितला, तोही पाच वाजेपर्यंत.

त्या खोलीत मशीनवर बसणाऱ्या बाईंना सव्वीस वर्षं झाली होती. तोंडावर सगळे त्यांना ताई म्हणत, पाठीमागे पंचनामा ताई. हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या दोन बारीक वाहिन्या कुठून निघतात, हे स्वतः पाहिल्याशिवाय त्या कुठल्याही मुलाला टेबलावरून उठू देत नसत. छापील फॉर्मवर त्यासाठी रकाना नव्हता. त्या समासात लिहीत.

"गार लागेल हं," जेल लावत त्या म्हणाल्या. "शर्यतीआधी काय खाल्लं होतंस?"

"दोन केळी."

"बाबा तर उपाशी म्हणतात."

"बाबा ड्यूटीवर होते."

कंडक्टर पावतीची घडी घालू लागला.

झडपा ठीक, पडदे ठीक, उजवी वाहिनी जागेवर. मग डावी. महाधमनीचं गोल तोंड घड्याळाची तबकडी धरलं, तर चारच्या आकड्याशी एक बारीक रेघ दिसली. जागा बरोबर, जाडी बरोबर. कोणीही 'नॉर्मल' लिहून मोकळं झालं असतं. आठ वर्षांपूर्वी एका मुलाच्या अशाच रेघेवर ताईंनीही लिहिलं होतं. पण ती निघाली हृदयाच्या आवरणाची घडी. वाहिनीच्या शेजारी ती जुळ्या बहिणीसारखी दिसते. तो मुलगा सहा महिन्यांनी मैदानावरच गेला. तेव्हापासून आत रक्त वाहताना दिसल्याशिवाय ताई रेघेला वाहिनी म्हणत नसत.

त्यांनी मशीनवर रंगाची वेगमर्यादा खाली आणली. आता अगदी संथ रक्तही रंगात दिसायला हवं होतं. रेघ काळीच राहिली.

डॉक्टरांनी दारातून डोकं आत घातलं. "ताई, अर्धा तास झाला. बाहेर सहा जण ताटकळलेत. पंचनामा आवरा आता."

"आवरते. जरा थांबा."

त्यांनी छातीवर टेकवलेला मशीनचा प्रोब केसभर फिरवला. उजव्या वाहिनीच्या शेजारूनच दुसरी एक निघाली होती, खरी डावी. महाधमनी आणि फुप्फुसाकडे जाणारी मोठी वाहिनी, या दोघींमधल्या बोळातून ती डावीकडे गेली होती. ठोक्याठोक्याला तिथे रंग उमटत होता. डॉक्टरांनी स्टूल ओढलं, स्वतः प्रोब धरून पाहिलं, आणि बाहेरच्या सहा जणांचं नाव पुन्हा काढलं नाही.

"काय निघालं?" कंडक्टरने विचारलं.

"तुमच्या गाडीत दोन जाड माणसांच्या मध्ये तिसरा बसला, तर वळणावर त्याचं काय होतं?" ताई म्हणाल्या.

"चेंगरतो."

"हिची डावी वाहिनी तशी बसली आहे. धावताना शेजारच्या दोघी फुगतात. आजपासून धावणं बंद."

"मग कागद?"

"तो मिळणार नाही."

"दोन वर्षं घासलंय हो तिने."

"मी दोन मिनिटं बत्तीस सेकंदांत धावते," मुलगी छताकडे बघत म्हणाली.

"म्हणूनच कोसळलीस, बाळा."

डॉक्टरांनी मोठ्या इस्पितळाला फोन लावला. ताईंनी सर्जनसाठी चार रंगीत चित्रं छापून लिफाफ्यात घातली. जिना हळू उतरायला बजावलं. बापलेक तिथूनच टॅक्सीने गेले. संध्याकाळच्या सीटी स्कॅनमध्ये तेच निघालं, आणि ३ मार्चला ऑपरेशन झालं.

जूनमध्ये कंडक्टरचा फोन आला. मुलगी शाळेत चालत जाते, धावण्याची परवानगी अजून नाही.

"तुमच्यावर चिडलीय अजून," तो म्हणाला.

"चिडू द्या. चिडायलाही दम लागतो."

चार चित्रांचे ऐंशी रुपये पावतीत धरलेले नव्हते. कॅशियरच्या वहीत ते ताईंच्या नावावर बाकी आहेत.