खोट काढायचं काम

"तिला कॉलवर विचारू नका हो, लाजते ती. लेखीच मागवा," सर कुणाला तरी माझ्याबद्दल सांगत होते. मी ऑनलाइन मीटिंगमध्ये आधीच येऊन बसले होते, हे त्यांनी पाहिलं नव्हतं. मी माइक बंदच ठेवला.

आमच्या वेबसाइटवर समुद्राकाठच्या घरगुती खोल्यांचं बुकिंग होतं. साइट नीट चालते का, हे रोज हाताने तपासणाऱ्या आम्ही दोघी: वाशीच्या ऑफिसात ताई, जिने मला हे काम शिकवलं, आणि रेवदंड्याला घरून मी. आता ब्राउझर आपोआप चालवणारं एक टूल आलं होतं. ते घेण्यासारखं आहे का, हे मीच तपासून सांगायचं होतं. घेतलं तर आम्हा दोघींचं काम जाणार, हे न बोलता सगळ्यांना कळत होतं.

"काहीतरी खोट काढ गं. तुझी नजर बारीक आहे," ताई फोनवर म्हणाली होती.

मी मनापासून शोधली. टूल स्वतःच पान उघडायचं, तारीख निवडायचं, बटण दाबायचं. माउसवर कुणाचाच हात नाही. मग मी त्याच्यापुढे आमच्याकडच्या लोकांच्या सवयी ठेवल्या. काशीदचे घरमालक पाहुण्याच्या नावाच्या रकान्यातच 'दोन रूम, जेवण मच्छीचं, सकाळी येतील' असं सगळं लिहून टाकतात. रेंज गेली की बटण पुन्हा दाबतात आणि एकच खोली दोनदा बुक होते. ही चूक पूर्वी मी पकडली होती, तेव्हा ताईने सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं होतं. मुद्दाम ती चूक असलेली साइटची जुनी प्रत लावली. टूलने पहिल्याच फेरीत चूक धरली, वर स्क्रीनचा फोटोही काढून ठेवला.

आई अंगणात वाळत घातलेले सोडे पालथे करत होती. "काय गो, तोंड का पाडलंस?"

"काही नाही."

माझं काम काय, हे तिला मी कधी धड सांगू शकले नव्हते. आता ते जातंय, हे कुठून सांगायला सुरुवात करणार? खोटं लिहिणं सोपं होतं. रिपोर्टचं पान कितीदा उघडलं, एक ओळही झाली नाही.

"रिपोर्ट आलेला नाही," सर आता मीटिंगमध्ये सगळ्यांना म्हणाले. ताईही कॉलवर होती. तिचा कॅमेरा बंद होता.

मी माइक सुरू केला.

"टूल चांगलं आहे, सर. ताई, मला खरंच काही सापडलं नाही गं."