आत्याच्या बॅगेची विमानवारी

मुंबई विमानतळाच्या फिरत्या पट्ट्यावरून आत्याची मोरपंखी बॅग आडवी होऊन आली आणि मी ती झटकन खाली ओढली. तिचा एक कोपरा पार चेपून फुटला होता. फटीतून माझा पायजमा बाहेर डोकावत होता.

बॅग माझी असती तर चार शिव्या हासडून गप्प बसलो असतो. पण रोह्याच्या आत्याला महिन्याभरात दुबईला जायचं होतं, लेकीच्या बाळंतपणाला, आणि विमानाची तिला भयंकर धास्ती. मी ऑफिसच्या कामासाठी दुबईला निघालो तेव्हा तिने आपली कोरी बॅग माझ्या हातात ठेवली होती. "आधी ही जाऊन येऊ दे. धड आली तर मी जाईन, नाय तर नाय." तिकडे सुमी आईच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली.

विमानतळ सोडण्याआधी तक्रार करायची, एवढं मला ठाऊक होतं. फोटो काढले, बॅगेची चिठ्ठी जपून ठेवली आणि काउंटर गाठला. तिथल्या मुलीने बॅगेला लटकवलेला आत्याचा रोह्याचा पत्ता उतरवून घेतला आणि गोड आवाजात सांगितलं, "आमचा माणूस येऊन पाहणी करेल. तोपर्यंत दुरुस्ती करू नका, सर."

म्हणजे मोडकी बॅग जपायची, पण आत्याला दाखवायची नाही. मला आठवला पेणजवळच्या जोह्याचा मंगेश, कॉलेजातला मित्र. त्याचा गणपतींचा कारखाना आहे (इथे मूर्तिशाळेला कारखानाच म्हणतात). चार दिवस बॅग तिथे दडवावी, असा माझा बेत. एसटीने पेण, तिथून भातखाचरांमधून रिक्षाने जोहे. मंगेश आखणीला (मूर्तीचे डोळे रंगवायला) बसला होता. मान न वळवता म्हणाला, "ठेव तिथं कोपऱ्यात. घरी जाऊन जेव आधी."

वहिनींनी तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं. मी तुडुंब जेवलो आणि ओटीवर आडवा झालो. उठून कारखान्यात येतो तर बॅग अखंड! फुटका कोपरा काथ्या आणि प्लास्टरने भरून, घासून गुळगुळीत केलेला, वर गणपतीच्या शेल्याचा उरलेला मोरपंखी रंग.

"अरे, हे काय केलंस?"

"म्हंजे? मोडकी वस्तू कारखान्यात आणून ठेवल्यावर काय करतात?" मंगेश म्हणाला. "आमच्या दारातून भंगलेलं काय बी भाईर जात नाय."

"मग परत फोड."

रंगकाम करणाऱ्या दोन्ही बायकांनी हातातले ब्रश खाली ठेवले. मंगेशने हातोडी उचलली आणि स्वतःच्या मांडीखाली सरकवली. मी मुकाट्याने बॅग घेतली. तिचं वजन आता दुप्पट झालं होतं.

भरपाई गेली, पण आत्या तरी जाईल, अशी मनाची समजूत घालत मी पेणहून रोह्याची एसटी पकडली. शेजारी धाटावच्या एमआयडीसीत शिफ्टसाठी निघालेला एक जण बसला होता. बॅग सरकवून बघत त्याने विचारलं, "दगड भरलेत काय?"

आत्याने अंगणातच बॅग फिरवून फिरवून तपासली आणि शेजारणीला हाक मारली, "धड आली गो!" त्या रात्री तिने सुमीला फोन करून येते म्हणून सांगितलं. मला फार बरं वाटलं.

सकाळी दारात टाय लावलेला एक तरुण उभा. विमान कंपनीचा. काउंटरवर पत्ता इथलाच उतरवून घेतला होता, हे मी विसरूनच गेलो होतो.

"नुकसान कुठे आहे?" बॅग बघून त्याने विचारलं.

"नाहीच. तक्रार मागे घेतो," मी घाईघाईने म्हणालो.

"पण सर, फोटो तुम्हीच दिलेत," म्हणत त्याने मोबाईल काढला आणि नेमका आत्यासमोर धरला.

आत्याने फोटो बघितला, मग बॅग, मग पुन्हा फोटो. संपलं सगळं. सुमीला काय तोंडाने सांगायचं, ते मी जुळवू लागलो.

"येवढी मोडली व्हती?"

"हो, आजी."

"आणि तुमच्या कंपनीनं अशी करून दिली? कुठं चरा पण नाय?"

तो माझ्याकडे बघू लागला. मी जोरजोरात होकाराची मान हलवली. त्याने टाय सरळ केला. "आमची सेवाच तशी आहे, आजी."

आत्याने त्याला पोह्याचे पापड बांधून दिले आणि मला त्याचे आभार मानायला लावले. ज्यांनी बॅग फोडली त्यांच्यापुढे मी हात जोडले. आतून नुसता जळफळाट चालला होता.

महिन्याने तिला सोडायला मी पुन्हा त्याच विमानतळावर गेलो. प्रवासात बॅगेपेक्षा धीर शाबूत राहिला पाहिजे, असं काहीबाही मी तिला सांगत होतो. तिचं लक्ष नव्हतं. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "आजी, आत फुटण्यासारखं काही आहे का?"

"फुटलं तर फुटू दे गो," आत्या बॅग पुढे ढकलत म्हणाली. "तुमी नीट करून देता ना!"