बिनपंख्याचा मे महिना

ज्या वर्षी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत रंगकाम निघालं, त्या मे महिन्यात सूक्ष्मदर्शक सुरतच्या डिंडोली भागातल्या आमच्या एकाच खोलीच्या घरात राहायला आला. मार्गदर्शक बाईंनी तो खडकाच्या तुकड्यांसह दिला खरा, पण बजावलंही: सुट्टी संपेपर्यंत या खडकात काही सापडलं नाही, तर संशोधनाचा विषय बदलायचा. माझा जीव त्याच विषयात अडकला होता. पृथ्वीवर पहिले प्राणी कसे झाले, हे मला शोधायचं होतं.

खडक हिमालयातला, पन्नास-साठ कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साचलेला. सौम्य आम्लात तो विरघळवला की चिमूटभर गाळ उरतो. ओल्या कुंचल्याने त्यातला कण न् कण बाजूला सारत जीवाश्म शोधायचे. जरा वारा लागला की सगळा गाळ उडणार, म्हणून पंखा बंद.

सुरतचा मे, डोक्यावर पत्रा आणि पंखा बंद! वडील कापडाच्या लूमवरची रातपाळी करून यायचे, फरशीवर पाणी शिंपडायचे आणि तिथेच आडवे व्हायचे. कुरकुर एकदाही नाही. शेजारीण मात्र दारातून डोकावायची. "पंख्याले काय धाड भरनी?"

"पोर दगड निवडी राहिनी," माय म्हणायची, जणू मी तांदूळच निवडतेय. मला हसू यायचं आणि भरूनही यायचं. दुसऱ्या कुणी माझं एवढं सोसलं असतं असं मला वाटत नाही.

सुट्टी संपत आली होती. एका संध्याकाळी ताटं वाढलेली असताना तो दिसला: मिठाच्या बारीक कणाएवढा गोळा, चार सारख्या भागांत विभागलेला. अंड्यातला जीव असावा. वाढायला लागला आणि तसाच दगड झाला. मी ओरडलेच. वडिलांनी पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

माय मात्र भिंगावरून डोळा हलवेना. मग म्हणाली, "आनि यानी माय कोठे शे?"

"सापडनी नही. जगमा कोनलेच नही."

ते खरंच होतं. अशी अंडी मिळतात, ती घालणारा प्राणी मिळत नाही; म्हणून काही जाणकार यांना प्राणीच मानत नाहीत.

मायने उरलेल्या गाळाकडे बोट दाखवलं आणि वाढलेली ताटं उचलली. "मंग व्हई आठेच कोठे तरी. तू बठ, देख तिले. आम्ही बाहेर जेवतस," म्हणाली आणि वडिलांना घेऊन ओट्यावर गेली.