कपटरावाच्या घरात पोरगी देणार कोण?

मी आजवर एकाही सुनेला विष पाजलेलं नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. हे सांगायची वेळ माझ्यावर आली, यातच सगळं आलं!

शंभरएक वर्षांपूर्वी एका थोर नाटककाराने एक नाटक लिहिलं. त्यात कपटराव नावाचा सासरा हुंड्यापायी सुनेला दुधातून विष देतो. आमच्या मारुंजीत ते नाटक दरवर्षी जत्रेला होतं आणि एकदा गळ्यात पडलेलं काम मरेपर्यंत सुटत नाही, अशी पद्धत आहे. राजबिंडा नायक सरपंचांच्या घरात गेला, सून इकबालच्या वाट्याला आली (होय, हार्डवेअरवाला इकबाल, जत्रेच्या आठवड्यात मिशी काढतो आणि नऊवारी नेसतो) आणि माझ्या नशिबी कपटराव! अठरा वर्षं झाली. दुधाचा पेला पुढे करून मी म्हणतो, "घे सूनबाई, तुझ्यासाठीच आटवलंय!" आणि मग तीन टप्प्यांत हसतो. बायका बोटं मोडतात. पंचक्रोशीतले लोक पुढच्या वर्षी पुन्हा तेच बघायला येतात.

बरं, नाटककार गेले. पण वाक्य कुठं जातंय? माझ्या खोल्यांत भाड्याने राहणाऱ्या आयटीवाल्या पोरांनी माझ्या हसण्याचं रील केलं. मॅनेजरने शुक्रवारी संध्याकाळी काम दिलं, की ती एकमेकांना माझ्या तोंडाचं स्टिकर पाठवतात. एका दूधवाल्याने तर टेम्पोच्या मागे रंगवून घेतलंय, 'घे सूनबाई, तुझ्यासाठीच आटवलंय'! अरे, ते विष आहे! विषाच्या वाक्यावर दूध विकताय आणि लोक घेतायत! थोर लेखकाचा वारसा म्हणतात तो हा. संताप येतो नुसता.

तर आमच्या नितीनचं लग्न ठरत होतं. मुलगी घोटावड्याची, त्याच्याच कंपनीतली, नाव स्नेहल. दोघांनी आधीच ठरवलं होतं, आम्हाला फक्त कळवलं. 'हिच्याशी नाही झालं तर करतच नाही,' असं सांगून पोरगं मोकळं! तिच्या घरी शब्द चालतो तो आत्याबाईंचा. एका रविवारी आत्याबाई, मुलीचे वडील आणि मुलगी आमचं घर बघायला आले.

बायकोने मला आधीच बजावलं होतं, "आज त्वांड उघडू नका. मी बोलते, तुमी फकस्त मान डोलवा."

मी डोलवली. तासभर डोलवली. सगळं जमत आलं होतं. तेवढ्यात आतून मसाला दुधाचा ट्रे आला आणि माझ्यातला यजमान जागा झाला. म्हटलं, होणाऱ्या सुनेला आपल्या हाताने द्यावं, बरं दिसतं. पेला उचलला, तिच्यापुढे धरला आणि... अठरा वर्षांची सवय हो! हातात दूध, समोर सून. तोंडातून आपोआप बाहेर पडलं, "घे सूनबाई, तुझ्यासाठीच आटवलंय!"

एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण मी हसलो. तिन्ही टप्पे!

आत्याबाईंनी असा फटका मारला, की पेला थेट शोकेसच्या काचेवर गेला.

"स्नेहे, पिऊ नगंस! ह्यो त्योच हाय! वळाखला म्या!"

"आत्या, अगं नाटक असतं ते," स्नेहल म्हणाली.

"कसलं नाटक? म्या सोताच्या डोळ्यानं बघितलंय. पोरगी तडफडून मेली आन् ह्यो हासत हुता! आन् एकदा न्हाई, दर साली करतोय!"

"अवो आत्याबाई, लिवणाऱ्यानं तसं लिवलंय!" मी ओरडलो.

"लिवणाऱ्यानं पाज म्हनलं म्हून पाजायचं? तुमाला सोताची अक्कल न्हवती?"

मी चिडून ताडकन उठलो (तिथेच चुकलो, कपटरावही असाच उठतो). मुलीचे वडील दोन पावलं मागे सरकले. माझी बायको म्हणाली, "तरी मी सांगत हुते, नांदीतल्या गनपतीचं काम घ्या. सोंड लावली की बोलायचं कामच न्हाई."

शेवटी आत्याबाईंनी अट घातली. "सोयरीक पायजे ना? मग आदी त्या पोरीची माफी मागा. चारचौघांत."

"कुठल्या पोरीची?"

"तुमी मारली तिची!"

मारलेली पोर त्या वेळी चौकातल्या दुकानात पाइप कापत बसली होती, वय वर्षं बावन्न. मी जाणार नाही म्हणून गरजलो. हा कलेचा अपमान आहे, नाटककाराचा अपमान आहे, माझा तर आहेच आहे, असं बरंच बोललो. नितीन उठला आणि फरशीवरचं दूध पुसायला लागला. स्नेहल त्याच्याशेजारी बसून गुपचूप काचा वेचू लागली. दोघांचे चेहरे मला बघवेनात. मी चपला घातल्या.

पुढे मी, मागे आत्याबाई, त्यांच्यामागे अर्धी आळी आणि मोबाइल वर धरलेले माझेच भाडेकरू, अशी वरात दुकानात पोचली.

"इकबाल," मी दातओठ खात म्हटलं, "माफ कर."

"कशापायी?"

"तुला इख पाजलं म्हून."

त्याने करवत खाली ठेवली. "दर साली मरतोय मी. अठरा वर्सांत आज सुचलं व्हय तुला?"

"नीट मागा!" आत्याबाई मागून कडाडल्या. "वाकून!"

इकबालच्या पायांवर वाकलो. काचा वेचणारी ती दोघं डोळ्यांपुढे आली आणि काय झालं कुणास ठाऊक, मला खरंच भरून आलं. "पोरी, चुकलो गं! लेकीसारखी घरात आलीस आन् म्या..." डोळ्यांतून धारा लागल्या. इकबालने नसलेला पदर सावरला आणि हुंदका दिला. आत्याबाईंनी नाक पुसलं आणि म्हणाल्या, "दिली पोरगी!"

इथेच मी घरी परतायला हवं होतं. पण गर्दीतून आवाज आला, "वन्स मोअर!" अठरा वर्षांत मला एकदाही वन्स मोअर मिळाला नव्हता हो!

मी डोळे पुसले, घसा खाकरला, मोबाइलवाल्या पोरांना तोंड नीट दिसेल असा वळलो आणि पुन्हा इकबालच्या पायांवर पडलो.