निसरड्या खडकाचा अहवाल

कापसाचे दिवस वाईट होते तेव्हा आमच्या यवतमाळ जिल्ह्यात समित्यांचं पीक मात्र जोरात होतं. एकीने शेळ्या पाळा म्हणून सांगितलं, दुसरीने मधमाश्या. तिसरीच्या साहेबांनी मुकुटबनकडच्या डोंगरातला धबधबा पाहिला आणि जाहीर केलं की, या भागाचा उद्धार आता पर्यटनच करणार. धबधब्याच्या एका अंगाने चढायचं, माथ्यावर ओढा ओलांडायचा आणि दुसऱ्या अंगाने उतरायचं, अशी गोल पायवाट. ती चालून बघायला भर पावसाळ्यात आम्ही सहा जण निघालो. मी कार्यालयातला सगळ्यात नवा कारकून, म्हणून वही माझ्याकडे. अवघड जागा मी टिपायच्या आणि तिथे सरकार लोखंडी कठडा बसवणार, असं ठरलं होतं.

वाट दाखवायला वरच्या पोडावरची, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरची, एक बाई होती. पायात काही नाही, डोक्यावर आमच्या डब्यांची टोपली, तरी ती पुढे आणि आम्ही नवे बूट घालून मागे धापा टाकत. दर वळणावर साहेब निसर्ग बघायला थांबत. मग आम्हालाही निसर्गाची फार ओढ लागे.

माथ्यावर ओढा ओलांडायला एकच जागा होती, शेवाळलेला उतरता खडक, आणि त्याच्या खाली थेट कडा. बाई तिथे थांबली.

"बाबू, हे लिवा," ती मला म्हणाली. "माही पोरगी इथूनच शाळेत जाये. मांगच्या पावसात घसरली, झुडपाले अटकली म्हणून वाचली. तवापासून तिले घरीच ठेवलं. कठडा झाला का धाडीन."

मी तिच्यासमोर लिहिलं, 'अत्यंत निसरडे, कठडा आवश्यक.' वही मिटतो न मिटतो तोच साहेब घसरले. बसल्या बसल्या चार हात खाली गेले. बाईने टोपली टाकून त्यांचा दंड धरला, नाहीतर समिती तिथेच बरखास्त झाली असती. डबे कड्यावरून गेले. आम्ही पाचही जण तेवढ्यात आभाळातला एक पक्षी बघू लागलो. साहेब पडले तर आपण पाहायचं नसतं, हे कुठल्या नियमात लिहिलेलं नाही, पण नोकरीच्या पहिल्या महिन्यातच कळतं. साहेबांनी चिखल झटकला आणि पडलो तरी नाक वर या थाटात वाट सोपी असल्याचा निर्वाळा दिला. आम्ही सगळे हो म्हणालो.

उतरताना बडे बाबूंनी, म्हणजे आमच्या हेडक्लार्कनी, मला बाजूला घेतलं. खडक निसरडा लिहिलास की, तो निसरडा आहे हे कळलं कसं, असं वरून कोणीतरी विचारणार, आणि मग साहेबांचं पडणं कागदावर येणार. मी त्या ओळीवर रेघ मारली. खाली लिहिलं, 'वाट सोपी, सहकुटुंब जाण्याजोगी.' माझी नोकरी अजून कायम व्हायची होती.

कठडा मंजूर झाला, पण पायथ्याशी, सपाट गवतात. तिथे साहेबांचा फोटो चांगला आला होता. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

दिवाळीनंतर उद्घाटन झालं. नारळ फुटला, भाषणं झाली, साहेबांनी कठड्याला हात टेकून पुन्हा फोटो काढून घेतला. गर्दी चहाकडे वळली तेव्हा ती बाई कठड्यापाशी गेली. दोन्ही हातांनी तिने तो हलवून पाहिला. चांगला मजबूत होता. मग ती माझ्याकडे आली.

"बाबू, तुमी त लिवलं होतं ना? मी पाह्यलं होतं."

मी म्हणालो, मी लिहिलं होतं, पण वरच्यांनी ऐकलं नाही.

तिने मान हलवली. "तुमी तरी काय करसान," ती म्हणाली. "जाऊ द्या. पोरगी आता कापूस येचाले जाते. ती वाट सपाट हाय."

तिने माझं म्हणणं खरं मानलं होतं. त्याची लाज मला अजून वाटते.