चालत येण्याची अट

पाटोद्याच्या बाजारात हाडं बसवणारा एक म्हातारा धनगर बसायचा. असल्या अडाण्यांविरुद्ध पत्रक काढायचं, म्हणून मी मुद्दाम त्याच्यापुढं जाऊन बसलो. तो डोळे मिटून मोडलेली नडगी चाचपायचा, हाड जुळवून वर बांबूच्या कामट्या बांधायचा. पैसा घेत नसे. "बरा झालास की सोताच्या पायानं चालत ये, तेवढंच दे," म्हणायचा.

एकदा वेठीला धरलेल्या एका गड्याला बाजेवर घालून आणलं. अंमलदाराचं सामान वाहताना तो घाटात पडला होता. म्हाताऱ्यानं खुबा चाचपला आणि हात काढून घेतला.

"हे माज्या हातचं न्हाई. हैदराबादला मोठ्या दवाखान्यात न्या."

"कोन नेनार, बाबा?" गड्याची बायको म्हणाली. "साहेब तर पुढं गेला!"

सामान वाहायला माणूस सापडतो, माणूस वाहायला सरकारला एक गाडी सापडत नाही! माझ्या पत्रकाचा रोख तिथंच बदलला.

महिन्यानं म्हातारा वाटेत भेटला. हातात तेलाची बुधली, निघाला होता तीन कोसांवर, त्याच गड्याच्या गावी.

"बसलं का हाड?" मी विचारलं.

"न्हाई बसायचं. त्याला आता चालत येता येनार न्हाई. मग मीच जातो."