चौकातली धवलेरी

पुतणीच्या लग्नाचा चौक, म्हणजे भिंतीवरचं देवीचं चित्र, काढायला पोशेरा गावातल्या घरात आम्ही चार सवाशिणी बसलो होतो. गेरूनं सारवलेली भिंत, बांबूची चावून मऊ केलेली काडी, तांदळाच्या पिठाचं पाणी. मधे पालघट देवी, बाजूला घोड्यावर नवरा-नवरी. या पाण्याची गंमत अशी, की ओली रेघ दिसतच नाही. वाळली की पांढरीशुभ्र वर येते. आणि मला नको तिथं गंमत सुचते.

घोड्यापाशी मोकळी जागा होती. मी तिथं आमची धवलेरी काढली. चौकासमोर गाणी म्हणून लग्न लावणारी ही बाई. तिचं पोट मी घोड्याएवढं केलं. वाळायच्या आत पुसणार होते. तेवढ्यात जाऊ ओरडली, "अगो, भात करपला, पळ!"

परत आले तर चौकावर कापड बांधलेलं. आता ते धवलेरीशिवाय कुणी उचलायचं नाही.

जावेच्या कानात सांगितलं. तिला घामच फुटला. "पाणी उशिरा दिलं म्हणून ती एका मांडवातून उठून गेली होती! ती गायली नाही तर लग्न कसं लागेल?"

साखरशेतहून नवरदेवाची जीप निघाली होती. हळद लावलेली पुतणी रडवेली झाली. "काकी, तुझे हात बांधूनच ठेवायला हवेत गो!"

धवलेरी आली, बसली, गायला लागली. गाता गाता कापड वर केलं आणि गाणं थांबलं.

"ही पोटवाली कोण?"

तिघी सवाशिणींनी माझ्याकडे पाहिलं. मैत्रिणी म्हणे!

"तुम्हीच, मावशी," मी म्हटलं.

"काडी आण."

मी आणली. तिनं पिठात बुडवून त्या पोटाशेजारी काहीतरी काढलं. ओलं, काही दिसेना. मग पुन्हा बसली आणि गाणं पुढे सुरू केलं. पुतणीनं श्वास सोडला. मी नाही. माझे डोळे भिंतीवर.

आधी दोन पाय वर आले. मग माझ्यासारखाच अंबाडा. मग पाठीमागे बांधलेले दोन हात. सगळ्यात शेवटी दोरी वाळली; तिचं दुसरं टोक पोटवालीच्या मुठीत होतं.

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. मी उठायला गेले, तर धवलेरीनं गाण्याची ओळ न तोडता माझा पदर धरला आणि मला खाली बसवलं.